गोठा झालेले घर

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचे दैव पालटले म्हणजे त्याची जवळची माणसेही त्याच्याकडे पाठ फिरवतात, हा तिचा रूढ अर्थ. काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातील एका जुन्या दगडी घरात उभे असताना ही म्हण आम्हांला उलट बाजूने आठवली. त्या घराचे दैव फिरले होते, पण वासे जागच्या जागी होते. बदलले होते ते वाशांखाली राहणारे. माणसांच्या जागी तेथे बैल बांधलेले होते.

आम्ही त्या भागात गेलो होतो ते पवनी पाहण्यासाठी. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावात १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, आणि लोक ज्याला जगन्नाथ टेकडी म्हणत आले होते त्या टेकाडाच्या पोटातून बौद्ध स्तूपाचे अवशेष बाहेर आले. ते सारे पाहून झाल्यावर आमचे एक शिक्षकमित्र म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वीचे पाहिलेत, आता सव्वाशे वर्षांपूर्वीचे पाहा. त्याला पाटी नाही, तिकीट नाही आणि राखणदारही नाही." असे म्हणून ते आम्हांला जवळच्याच एका खेड्यात घेऊन गेले.

घर लांबच लांब होते. खोलीमागे खोली अशी रचना नव्हती. एका ओळीत, एकाच आढ्याखाली अकरा खण. लांबी सुमारे साठ हात आणि रुंदी जेमतेम बारा हात. जोते छातीइतके उंच, भिंती दीड हात जाडीच्या. दगड घडीव नव्हता. आसपासच्या माळावर सापडेल तसा उचललेला, पण कोपऱ्यांना आणि चौकटींच्या दोन्ही अंगांना नीट घडवून बसवलेला. दरजांत चुना. वर सागाच्या तुळया, त्यांवर वासे, वाशांवर कवेलू. समोरच्या बाजूने पूर्ण लांबीची सपरी आणि तिच्या खांबांना साधीच, पण हात फिरवावासा वाटेल अशी नक्षी. मधोमध दरवाजा. त्या दरवाजाविषयी पुढे लिहिणार आहोत; येथे इतकेच सांगतो, की त्याच्या चौकटीवर कोण्या सुताराने वेलबुट्टी कोरली होती, आणि ती कोरताना त्याला घाई नव्हती हे पाहताक्षणी कळत होते.

हे घर कधीकाळी त्या गावच्या मालगुजाराचे होते. ज्या खणांत त्याची बैठक भरे तेथे आता दोन बैलजोड्या आणि एक गाय बांधलेली होती. फरशीवरून जनावरांचे खूर घसरतात म्हणून तिच्यावर मुरूम पसरून ठोकून घेतला होता. जेथे गावाच्या साऱ्याचे कागद ठेवत त्या खोलीत धानाच्या ढोल्या उभ्या होत्या. माळ्यावर तणस रचलेली होती. देवघराच्या कोनाड्यात विळे, दाव्याचे तुकडे आणि जनावरांच्या औषधाची एक बाटली होती. भिंतीतील लोखंडी कडी मात्र जुनीच होती. पूर्वी तिला घोडा बांधत, आता वासरू.

घराचा आजचा मालक पन्नाशीचा शेतकरी. मालगुजाराच्या कुटुंबाने नागपूरला कायमचे बिऱ्हाड केले, तेव्हा त्याच्या वडिलांनी ही वास्तू थोडकी रक्कम देऊन घेतली. त्याचे स्वतःचे राहते घर पलीकडेच, विटांचे आणि बेताचे. आम्ही घर पाहताना तो काही बोलला नाही. आम्ही दरवाजाची स्तुती केली, खांबांची केली, भिंतीवर हात ठेवून चुन्याची केली. शेवटी निघताना तो आमच्या मित्राला म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकलेले मानसं. आता तुमीच सांगा, याले ठेवाचं का पाडाचं?"

आम्ही तत्काळ म्हणालो, "अहो, पाडता काय! हे जपले पाहिजे."

तो हसला आणि त्याने आम्हांला चहा दिला. परतीच्या वाटेवर आम्हांला त्या हसण्याचा अर्थ हळूहळू कळू लागला. जपा, असे म्हणायला आम्हांला एक पैसाही पडला नव्हता. पुढे जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवावेत, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असा, की त्या घराची अवनती झाली असे आम्हांला का वाटले? बैठकीच्या जागी बैल पाहून आमच्या तोंडून 'अरेरे' निघाले होते. त्या 'अरेरे'मागे एक समजूत होती: वास्तूच्या उपयोगांची एक उतरंड असते, तिच्या माथ्यावर देऊळ, चर्च किंवा राजवाडा, मध्ये माणसाचे घर आणि तळाशी गोठा. घराचा गोठा झाला म्हणजे वास्तू एक पायरी घसरली. ही समजूत आम्ही कधी तपासून पाहिली नव्हती.

ती तपासायची तर त्या घराचा पूर्वेतिहास आठवला पाहिजे. मध्य प्रांतात १८६० च्या दशकातील जमाबंदीत ब्रिटिशांनी मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले. तोवर सारा गोळा करून सरकारात भरणारा जो मध्यस्थ होता, तो एका कागदाने गावाचा धनी झाला. त्यांत चांगले लोक नव्हते असे नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या मुलुखात तलाव बांधण्याची जी विद्या जोपासली, तिला कित्येक मालगुजारांनी आश्रय दिला, आणि आजही भंडारा-गोंदियाचा धानशेतीचा मोठा भाग त्या तलावांवर उभा आहे. परंतु त्याच व्यवस्थेत वेठबिगारही होती. अशा घरांचे दगड वाहणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाची मजुरी मिळाली असेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट केली. त्याचा अंमल ३१ मार्च १९५१ पासून सुरू झाला. भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी तलाव' या नावाची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. घरे मात्र मालकांकडेच राहिली. पण ज्या कामासाठी ती इतकी लांब आणि इतकी उंच जोत्याची बांधली होती, ते कामच उरले नाही. सारा नाही, कचेरी नाही, पायरीखाली हात जोडून उभी राहणारी रयत नाही.

त्या शेतकऱ्याने चहा पिताना एक गोष्ट सहज सांगितली होती. त्याचे आजोबा त्या घरी कामाला होते. ते आयुष्यभर जोत्याखाली उभे राहिले. सपरीवर कधी टेकले नाहीत. आज त्यांच्या नातवाचे बैल बैठकीत रवंथ करतात. हे सांगताना त्याच्या स्वरात सूड नव्हता, अभिमानही नव्हता. पाऊस किती झाला हे सांगावे तसे त्याने ते सांगितले. परंतु आमच्या 'अरेरे'चा रंग तेवढ्याने उडाला. ज्या जागेपुढे एक माणूस जन्मभर उभाच राहिला, तेथे आज एक जनावर निवांत बसले आहे. येथे पतन नेमके कोणाचे झाले? दगडांचे तर नक्कीच नाही.

येथे आपली भाषाही आमच्या समजुतीला साथ देत नाही. घराविषयी आपल्याकडे 'नांदणे' हे एक मोलाचे क्रियापद आहे. घर मोठे असो की लहान, ते नांदते आहे की ओस, हे आपण आधी विचारतो. नांदत्या घरात चूल पेटते, केर निघतो, दिवा लागतो, कोणी आजारी पडते, कोणी जन्माला येते. त्या गोठ्यात चूल पेटत नव्हती हे खरे. पण पहाटे केर निघत होता, शेण उचलले जात होते, वैरण पडत होती, आदल्याच महिन्यात वासरू जन्मले होते. ते घर ओस होते असे म्हणता येईल का? 'गोठा' हा शब्दही पाहावा. संस्कृत 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. त्या जागी माणसे जमू लागली, बोलू लागली, तेव्हा 'गोष्ठी' झाली आणि तिच्यापासून आपली 'गोष्ट' आली. 'गोत्र' या शब्दाचाही जुना अर्थ गाईंचे आवार असाच सांगतात. म्हणजे आपले कुळ आणि आपले संभाषण ही दोन्ही गोठ्यातूनच निघाली. पोळ्याच्या दिवशी बैलाला ओवाळणारा शेतकरी हे व्युत्पत्तिशास्त्र न शिकताही जाणतो.

इतर देशांतही माणूस आणि जनावर यांच्यामधली भिंत फार उशिरा उभी राहिली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उंच, थंड, पावसाळी मुलूख आहे. तेथील मध्ययुगीन शेतकऱ्यांची ग्रॅनाइट दगडाची घरे आमच्या या घरासारखीच लांबच लांब, एका आढ्याखालची. ती उतारावर बांधत. वरच्या टोकाला माणसे, खालच्या टोकाला गुरे आणि मधोमध आडवा बोळ. आत शिरण्याचे दार दोघांना एकच. गुरांच्या भागात मधून दगडी गटार काढून ते खालच्या भिंतीतील भोकातून बाहेर सोडलेले असे, म्हणजे घाण वरच्या अंगाला येत नसे. हिवाळ्यात गुरे रानात मरत नसत आणि त्यांच्या अंगाची ऊब घराला मिळे. पुढे सुबत्ता आली तशी माणसांनी आपले दार वेगळे केले, धुराडी बांधली. कोठे शेजारी नवे घर उठले आणि जुने सगळेच गुरांना आणि गवताला सोडून दिले गेले. कोठे याच्या उलट झाले. गुरे बाहेर गेली आणि गोठ्याच्या भागात माणसांनी दिवाणखाना केला. आज वास्तूंचे जाणकार त्या घरांची पाहणी करतात तेव्हा, ज्या घराचा गोठा गोठाच राहिला, ज्याचे गटार आणि खुंटे जागेवर आहेत, ते घर ते सर्वांत दुर्मिळ मानतात. ज्या टोकाला शतकानुशतके हलके समजले, त्याच टोकाने घराची ओळख राखली.

याचा अर्थ उपयोग झाला की सर्व भले झाले, असा आम्ही काढत नाही. उपयोगही तपासून घ्यावा लागतो. भंडारा शहरातील किल्ला पाहा. त्याच्या तटांचा उपयोग आजच्या काळात तुरुंगासाठी होत आला. वास्तू त्यामुळे पडली नाही, पण सामान्य माणसाला तिचे दर्शनही उरले नाही. उत्तरेस तुमसर तालुक्यात अंबागडचा डोंगरी किल्ला आहे. भोसल्यांच्या राजवटीत तोही बंदीखाना होता. राखण्यासाठी बांधलेल्या भिंती कोंडण्याच्या कामी आल्या. तेव्हा वास्तू वापरात आहे, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्या वापरात कोणाला आसरा मिळतो आणि कोणाला तो नाकारला जातो, हेही विचारावे लागते.

दुसऱ्या बाजूला, वापर संपला की दगड किती दिवस धीर धरतात याचे उदाहरण आपल्या वाचकांना परिचित आहे. पोर्तुगालमध्ये १८३४ साली धर्मसंघांवर बंदी आली आणि त्यानंतर गोव्यातील मठ रिकामे करण्यात आले. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या भव्य चर्चची कमानदार छत १८४२ साली कोसळली. शतकांची वास्तू, आणि माणसे निघून गेल्यावर ती दहा वर्षेही तग धरू शकली नाही. पुढे १९३१ साली तिच्या मनोऱ्याचाही मोठा भाग ढासळला. आज उरलेला सुळका पाहायला पर्यटक जातात. त्याच गावातील फ्रान्सिस्कन मठात १९६४ पासून पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. तेथील छपराखाली आजही माणसांची ये-जा आहे. वसईच्या किल्ल्यातील छप्पर नसलेल्या चर्चमधून फिरताना हाच धडा आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. दगडाला शत्रू तोफेपेक्षा पाऊस अधिक, आणि पावसापेक्षाही अधिक, गळती सुरू झाली हे वेळीच न पाहणारी अनुपस्थिती. एक कवेलू सरकते, एक तुळई भिजते, भिंतीच्या माथ्यात पाणी शिरते, पिंपळाचे रोप मूळ धरते. दररोज आत येणारे कोणी असेल तर पहिल्याच पावसात ते दिसते. त्या भंडाऱ्याच्या घरात दररोज कोणी तरी येत होते, कारण बैलांना वैरण हवी होती. बैलांनी ते घर राखले होते, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही.

तरीही संरक्षणाच्या बाजूने जे बोलले जाते ते खोटे नाही. गोठ्याने घर राखले तसे खाल्लेही होते. जनावरांच्या मूत्रातील क्षार जोत्यात आणि भिंतीत चढतात, त्याने चुना भुसभुशीत होतो. त्या घराच्या आतल्या बाजूला कमरेइतक्या उंचीपर्यंत दरजा रिकाम्या झालेल्या आम्ही पाहिल्या. बैलगाडी आत घेता यावी म्हणून मागच्या भिंतीत एक खिंडार पाडले होते. एका कोपऱ्यात ओल दिसली म्हणून मालकाने मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावले म्हणजे आतली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि भिंत आतून कुजते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याने पैसे खर्च करून भिंतीचे नुकसान केले होते, आणि तेही तिच्यावरील मायेपोटी.

या ठिकाणी आम्हांला आमच्या प्रश्नाचे खरे रूप दिसू लागले. घर ठेवावे की पाडावे हा त्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न होता. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: ज्या गोष्टीचा भार आपण उचलत नाही, ती जपावी असे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो?

शासनाचे कायदे आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने किमान शंभर वर्षांच्या जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना संरक्षण देता येते. महाराष्ट्राचाही १९६० चा कायदा आहे. परंतु किल्ले, लेणी, देवळे यांच्या याद्यांत खेड्यातील गोठ्याला जागा मिळणे कठीण, आणि मिळालीच तर शेतकऱ्याला त्यात खिळा ठोकण्याचीही चोरी. त्याच्या हिशेबात हे घर म्हणजे दर पावसाळ्याआधी कवेलू फिरवण्याची मजुरी, वाळवी लागलेल्या वाशांचा खर्च आणि सागाच्या तुळयांवर डोळा ठेवून वर्षातून दोनदा येणारा व्यापारी. आमच्या हिशेबात ते म्हणजे एक रम्य दुपार. या दोन हिशेबांची बेरीज होऊ शकत नाही. आणि तरी उपदेश करण्याची घाई दुसऱ्या हिशेबवाल्यालाच असते.

याच तालुक्याने घर जाण्याचे दुःख मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढील काळात नदीकाठची कित्येक गावे उठली. आपल्या घराची कवेलू, दारे, वासे उतरवून लोकांनी ते नव्या वसाहतींत नेले. ती दारे आता सिमेंटच्या भिंतींत बसली आहेत. त्या माणसांनी घर पाडले असे कोणी म्हणेल का? त्यांनी घराचे जेवढे नेता आले तेवढे नेले. जपणे म्हणजे काय, हे आम्हांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असावे.

हा विचार करताना आम्हांला संत फ्रान्सिसच्या आद्य चरित्रकाराने, चेलानोच्या थॉमसने, सांगितलेला एक प्रसंग वारंवार आठवला. आपल्या पहिल्या सोबत्यांसह फ्रान्सिस असिसीजवळ रिव्होतोर्तो येथे एका मोडक्या झोपड्यात राहत असे. जागा इतकी अपुरी, की धड बसताही येत नसे. प्रत्येकाला प्रार्थनेची आणि विश्रांतीची आपली जागा कळावी म्हणून त्याने झोपड्याच्या तुळईवर एकेकाचे नाव लिहून ठेवले होते. एके दिवशी एक शेतकरी आपले गाढव घेऊन आला आणि, आत चल, म्हणजे या जागेचे भले होईल, अशा अर्थाचे बोलत गाढव आत घालू लागला. हे लोक येथे ठाण मांडून जागा वाढवणार, असा त्याला संशय होता. फ्रान्सिसला ते बोलणे लागले. पण त्याने वाद घातला नाही. सोबत्यांना घेऊन तो निघून गेला आणि झोपडे गाढवाला मिळाले.

या प्रसंगाचा सोपा अर्थ काढण्याचा मोह होतो. संताने जागा सोडली, तेव्हा आपणही दगडांचा मोह सोडावा. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूच्या अनुयायांनी गोठ्याला कमी लेखू नये. आणि विषय संपला. आम्हांला हे पुरेसे वाटत नाही. पॅलेस्टाईनमधील साध्या घरांतही माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली राहत, त्यामुळे गव्हाण ही माणसांच्या वस्तीपासून फार दूरची वस्तू नव्हती, हे खरे. त्याने गोठ्याची लाज निघून जाते. पण पडणाऱ्या भिंतीला त्याने टेकू मिळत नाही. शिवाय फ्रान्सिसने गरिबी निवडली होती. ज्याने ती निवडली नाही, त्याला, 'तू सोड' असेही सांगता येत नाही आणि, 'तू सांभाळ' असेही नाही. त्याग जो स्वतः करतो त्यालाच तो शोभतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेला त्याग वेठबिगारीच्याच जातीचा, मग तो देवाच्या नावाने असो, की संस्कृतीच्या. दगड वाहणाऱ्यांकडून मालगुजाराने जे घेतले, तेच आम्ही 'जपा' या एका शब्दाने त्यांच्या नातवंडांकडून पुन्हा मागत होतो.

मात्र त्या प्रसंगातील एक तपशील आमच्या मनातून जात नाही: तुळईवर लिहिलेली नावे. झोपडे सोडले तेव्हा ती तेथेच राहिली असतील. गाढवाला ती वाचता येत नव्हती. शेतकऱ्यालाही कदाचित नसतील. तरी तेथे कोणी राहून गेले होते ही गोष्ट खोटी झाली नाही, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण कोणी तरी ती सांगितली. जुन्या वास्तूचे आपल्यावर जे ऋण असते त्याचे दोन भाग आम्हांला त्यावरून वेगळे करता आले. एक भाग छपराचा. तो पैशाने, श्रमाने आणि योग्य माहितीने फेडायचा असतो. दुसरा भाग आठवणीचा. तो सांगून आणि लिहून फेडायचा असतो. जो पहिला भाग उचलत नाही त्याने निदान दुसरा तरी खरेपणाने उचलावा. आणि खरेपणाने म्हणजे, सुताराच्या वेलबुट्टीबरोबर जोत्याखाली उभ्या राहिलेल्या आजोबांचीही नोंद ठेवून.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही मुद्दाम त्या गावी गेलो. या वेळी नुसता उपदेश घेऊन गेलो नव्हतो. चुन्याच्या कामाची माहिती असलेल्या एका जुन्या गवंड्याला बरोबर नेले होते. लांबूनच आम्हांला छपरावर टिनाचे पत्रे चमकताना दिसले. जवळ गेलो तेव्हा दरवाजा नव्हता. कोरलेली चौकट दारांसकट काढून नेलेली होती आणि त्या जागी बांबूचे फाटक लावलेले होते.

मालक सपरीवर बसला होता. आमच्या चेहऱ्यावरचे त्याने वाचले असावे. तो म्हणाला, "दरवाजा देला जी. त्याच पैशात पत्रे आले." पूर्वेकडचे चार खण त्या वर्षी गळत होते, धान भिजले असते. व्यापाऱ्याने दरवाजाची किंमत सांगितली, आणि ती छपराच्या खर्चाइतकी भरली. आम्ही ज्या दरवाजाची सर्वांत जास्त स्तुती केली होती, तोच विकण्याजोगा आहे हे कदाचित आमच्याच बोलण्यावरून त्याच्या ध्यानात आले असेल. ही शक्यता आम्हांला अजूनही टोचते.

त्याने चूक केली का? बराच वेळ आम्ही त्या रिकाम्या चौकटीच्या जागी उभे होतो. आमच्या दृष्टीने घराचा आत्माच गेला होता. त्याच्या दृष्टीने घर राहिले होते. आणि कठोरपणे पाहता त्याचेच म्हणणे बरोबर होते: पत्रे कुरूप होते, पण त्यांच्याखाली दीड हात जाडीच्या भिंती कोरड्या होत्या, तुळया कोरड्या होत्या आणि धान कोरडे होते. दरवाजा राहिला असता आणि छप्पर गेले असते, तर काही वर्षांनी त्या सुंदर दरवाजातून आत पाहिल्यावर फक्त आभाळ दिसले असते. असे दरवाजे आपण वसईत आणि गोव्यात पुष्कळ पाहिले आहेत. आमची हळहळ तरीही खोटी नव्हती. कोण्या सुताराने घाई न करता केलेले काम आता एखाद्या शहरी हॉटेलाच्या भिंतीला टेकवलेले असेल आणि ते कोठून आले हे तेथे कोणालाच ठाऊक नसेल. दोन चांगल्या गोष्टींतील एक गमवावीच लागते, असे प्रसंग आयुष्यात येतात. तेथे जो निवडतो त्याला दोष देण्याआधी, निवड त्याच्यावर एकट्यावर का येऊन पडली, हे पाहणाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

गवंड्याने भिंती ठोकून पाहिल्या. सिमेंटचा गिलावा खरवडून काढावा, जोत्याच्या आतून उतार देऊन गटार बाहेर सोडावे, जनावरे भिंतीपासून दोन हात दूर बांधावीत, रिकाम्या दरजांत चुनाच भरावा, असे त्याने सांगितले. मालकाने खर्च विचारला. आम्ही त्यात आमचा वाटा देऊ केला. तो लगेच हो म्हणाला नाही. दिवाळीनंतर पाहू, म्हणाला. ज्याचे घर त्याने पाहू म्हणावे, हे योग्यच होते.

बैठकीत त्या वेळी एकच बैलजोडी उरली होती. दुसऱ्या जोडीच्या जागी भाड्याने आणलेला ट्रॅक्टर उभा होता. आणखी काही वर्षांनी तेथे बैल नसतील. गोठा जाऊन दुसरेच काही येईल, आणि तेव्हा आमच्यासारखा कोणी तरी येऊन, येथे पूर्वी किती छान गोठा होता म्हणून हळहळेल. आम्ही निघालो तेव्हा मालकाच्या आई ढोलीतून धान काढत होत्या. त्यांनी आम्हांला थांबवले आणि नव्या तांदळाची एक पुरचुंडी हाती दिली. "घराचं पाहाले आले, घरचं घेऊन जा," असे त्या म्हणाल्या. तांदूळ कोरडा होता.